लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलची मॅगझिन ट्यूब नळीला कशी धरलेली असते, आणि ती सुखरूप कशी उतरवायची

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल हंगाम सुरू होतो. त्याच्या आठ दिवस आधी, रात्री साडेदहाला, मी जेवणाच्या टेबलावर जुनी विंचेस्टर ९४ उघडून बसले होते. ही लिव्हर-अ‍ॅक्शन, म्हणजे ट्रिगरपाशी असलेला दांडा खाली-वर करून चालवायची रायफल. नळीखालची काडतुसं ठेवायची ट्यूब साफ करून परत जागेवर घातली होती. पण पुढच्या बँडचा, म्हणजे नळी आणि ट्यूब एकत्र धरणाऱ्या कड्याचा, स्क्रू काही केल्या आरपार जाईना. मी पाना घट्ट धरून जोर लावला आणि दोन आटे गेले.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, वडिलांच्या लेथशेजारी मी लहानाची मोठी झाले. स्क्रू हाताने तीन फेरे फिरत नसेल तर पाना लावायचा नाही, हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं. तरी ते घडलं, कारण तो स्क्रू नेमकं काय धरतो हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बँड आवळायला असेल. खरं तर तो स्क्रू नळी आणि ट्यूब यांच्या मधून जातो, आणि जाताना नळीच्या पोटाला कोरलेल्या एका उथळ खाचेत बसतो. बँड केसभर पुढे राहिला होता. स्क्रूच्या वाटेत नळीचं पोलाद होतं आणि मी त्या पोलादाशी झुंजत होते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण आता शिकारीला, नेमबाजीला जायला लागले आहेत, आणि पहिली रायफल म्हणून लिव्हर-अ‍ॅक्शन घेणारे त्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे. लेखात ‘पुढे’ म्हणजे नळीच्या तोंडाकडे आणि ‘मागे’ म्हणजे रिसीव्हरकडे (लिव्हरची यंत्रणा असलेल्या मधल्या भागाकडे), असं धरा.

१. पानं-हत्यारांच्या आधी कागद

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. या मनाईला काही अपवाद आहेत. आपल्या लोकांना लागू पडणारा मुख्य अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना हातात असणं. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. ‘बाळगणं’ या शब्दाचा अर्थ मालकीपुरता नसतो. मित्राची रायफल साफ करायला आठवडाभर घरी आणून ठेवलीत, तर तोही ताबाच. शंका असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

दुकानातून घेताना फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा केंद्र सरकारचा फॉर्म, भरावा लागतो. जवळ ठेवायची कागदपत्रं अशी:

– सध्याचा पत्ता असलेलं सरकारी फोटो ओळखपत्र
– ग्रीन कार्ड, किंवा व्हिसावर असाल तर चालू शिकार परवाना
– राज्याने मागितलेलं वेगळं कार्ड असेल तर ते. न्यू जर्सीत रायफल घ्यायलाही पोलिसांकडून मिळणारं खरेदीदार ओळखपत्र लागतं, आणि ते मिळायला वेळ जातो.
– तुमच्या मॉडेलची पुस्तिका आणि सुट्या भागांचं चित्र. हा कायद्याचा कागद नसला तरी टेबलावर सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा हाच.

२. रायफल रिकामी आहे याची बोटाने खात्री

लिव्हर पूर्ण खाली करा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने बघा आणि मग करंगळी घालून चाचपा. लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये एवढ्यावर भागत नाही, कारण काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक ओळीने झोपलेली असतात. ट्यूबला पोचा पडला असेल किंवा आत घाण साचली असेल, तर एखादं काडतूस मध्येच अडकून राहतं आणि लिव्हर चार वेळा चालवूनही बाहेर येत नाही. काडतुसांना मागे ढकलणारी छोटी टोपी, म्हणजे फॉलोअर, मागच्या टोकाला आलेली दिसली तरच ट्यूब रिकामी समजा. दिसत नसेल तर पुढचं काहीही करू नका, रायफल तशीच गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून या.

३. तुमची ट्यूब कुठल्या घराण्यातली, ते ओळखा

या एका गोष्टीला अर्धा तास द्या.

मुळात हा प्रश्न निर्माण कसा झाला ते बघण्यासारखं आहे. १८६० च्या हेन्री रायफलमध्ये ट्यूब नळीला ‘जोडायची’ भानगडच नव्हती. नळी आणि मॅगझिन एकाच पोलादी तुकड्यातून कोरलेले होते. खालच्या बाजूला लांबच लांब फट होती, तीतून फॉलोअरचा कान बाहेर डोकवायचा, आणि भरताना तो पुढे ओढून तोंडाकडचा भाग वळवायचा. १६ काडतुसं मावायची. पण त्या फटीतून माती, चिखल थेट आत जायचा, आणि हाताची पकड फॉलोअरच्या कानाच्या आड आली की काडतुसांची वाट अडायची. १८६६ च्या विंचेस्टरमध्ये नेल्सन किंग यांच्या रचनेप्रमाणे रिसीव्हरच्या बाजूला भरायची खिडकी आली. आता तोंडाकडून भरायची गरज उरली नाही, म्हणून ट्यूब बंद, गोल आणि स्वतंत्र झाली आणि तिच्यावर लाकडी फोरएंड, म्हणजे पुढच्या हाताने धरायची मूठ, चढला. तेव्हापासून ही वेगळी ट्यूब नळीखाली धरून कशी ठेवायची, हा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरं साधारण अशी आहेत.

बँडची पद्धत. आखूड कार्बाइन रायफलींत ही सर्रास दिसते. विंचेस्टर ९४ कार्बाइन आणि मार्लिनची ३३६डब्ल्यू ही ओळखीची उदाहरणं. एक बँड फोरएंडवर, दुसरा तोंडाजवळ. आठाच्या आकड्यासारखं कडं वर नळीला आणि खाली ट्यूबला वेढतं, आणि दोघींच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून आडवा स्क्रू जातो. नळीच्या पोटाला, काही मॉडेलांत ट्यूबच्या पाठीलाही, त्या स्क्रूसाठी अर्धगोल खाच असते. माझा घात याच खाचेने केला.

टोपी आणि डोव्हटेलची पद्धत. लांब नळीच्या ‘रायफल’ प्रकारांत फोरएंडच्या पुढच्या टोकाला लोखंडी टोपी असते. नळीच्या पोटात डोव्हटेल कापलेला असतो, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खाच. तिच्यात एक छोटा ठोकळा आडवा ठोकून बसवलेला असतो, आणि टोपीचे दोन बाजूंचे दोन स्क्रू त्या ठोकळ्यात फिरतात. पुढे तोंडाजवळ आणखी एक डोव्हटेल असतो. जुन्या विंचेस्टर रायफलींत त्यात कडी बसवलेली असते, कडीतून ट्यूब जाते आणि आडवी पिन तिला अडवते. मार्लिनमध्ये तिथे छोटा खुंट असतो, आणि ट्यूबच्या बुचाचा स्क्रू खालून येऊन त्या खुंटात शिरतो.

अर्धी ट्यूब. फोरएंडच्या टोपीपाशीच संपते, पुढची नळी मोकळी दिसते. धरण्याचं तत्त्व वरच्यासारखंच, फक्त सगळा भार टोपी आणि तिथल्या खुंटावर येतो.

पॉइंट टू-टूच्या, म्हणजे .२२ इंची छोट्या काडतुसाच्या, रायफली. मार्लिन ३९ए, हेन्री कंपनीची आजची एच००१ वगैरे. यात ट्यूबच्या आत ट्यूब असते. आतली पितळी ट्यूब तोंडाशी थोडी फिरवून वर ओढली की निघते, आणि काडतुसं भरायची ती बाहेरच्या ट्यूबला असलेल्या भोकातून. साफसफाईला आतली काढली की पुरे. बाहेरच्या ट्यूबला नवशिक्याने हात लावायचं कारण नाही.

टेकडाउन. जुन्या काही विंचेस्टर रायफली मधोमध दोन भागांत सुटतात. त्यांत ट्यूबला मागच्या टोकाला आटे असतात आणि तोंडाशी एक छोटी घडीची दांडी. ती उभी करून ट्यूब फिरवून सोडवली, पुढे ओढली, की मग नळी पाव फेरा फिरवून निघते. इथे ट्यूब ही कुलपाची किल्लीच आहे. अशी रायफल हातात आली तर तिचं वेगळं मार्गदर्शन घ्या.

टेकडाउन सोडली तर बाकी बहुतेकांत ट्यूबचं मागचं टोक रिसीव्हरच्या तोंडावरच्या गोल खोबणीत नुसतं सरकवलेलं असतं. तिथे आटे नसतात. त्यामुळे ट्यूब पुढे निसटू न देण्याचं काम पुढच्या स्क्रूंचंच. गोळी सुटली की रायफल मागे येते, ट्यूब आणि तिच्यातली काडतुसं मात्र जडत्वामुळे जागेवरच राहू पाहतात. फॉर्टी-फाइव्ह-सेव्हंटीसारख्या दणकट काडतुसाच्या रायफलीत हा ओढा जाणवण्याइतका असतो. नळीच्या पोटातली ती खाच याच ओढ्यासाठी आहे.

४. टेबलावर काय हवं

– पोकळ घासलेल्या पात्याचे स्क्रूड्रायव्हर. घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं. ते खाचेच्या फक्त वरच्या कडेला टेकतं आणि कड सोलून काढतं. गनस्मिथचं पातं दोन्ही बाजूंनी समांतर असतं आणि तळापर्यंत भरून बसतं. पातं स्क्रूच्या डोक्याच्या रुंदीइतकंच हवं, बाहेर आलं तर बँडवर ओरखडा उठतो.
– झिरपणारं तेल, नायलॉनच्या तोंडाची छोटी हातोडी, लाकडी टूथपिक
– जाड फडकं आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा
– अंड्यांचा रिकामा ट्रे. एका घरात एक स्क्रू. बँडचे दोन स्क्रू सारखे दिसतात पण लांबीत फरक असू शकतो.
– फोन. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, डोकं डावीकडे होतं की उजवीकडे हे फोटोतच कळतं.

५. उतरवणं

हा क्रम बँडवाल्या कार्बाइनचा आहे. टोपीवाल्यांसाठीचा फरक शेवटी सांगते.

सगळ्या स्क्रूंना आदल्या रात्री तेलाचा एकेक थेंब द्या. जुन्या रायफलीत हे स्क्रू पन्नास-साठ वर्षांत हलवलेले नसतात, रात्रभराचं तेल निम्मं काम करतं.

पहिला निघतो तो बुचाचा स्क्रू. ट्यूबच्या पुढच्या टोकाला खालून असतो. बुचामागे दाबलेली स्प्रिंग आहे हे विसरलात तर बूच खोलीभर शोधावं लागेल, किंवा डोळ्याला लागेल. म्हणून चष्मा घाला, रायफलचं तोंड माणसापासून दूर ठेवा, एका हाताने फडकं बुचावर दाबून धरा आणि मगच दुसऱ्या हाताने स्क्रू काढा. दाब हळूहळू सोडा. स्प्रिंग ट्यूबपेक्षा वीतभर, कधी त्याहून लांब निघते, तिला तसंच असायला हवं. लांब दिसते म्हणून कापणारे लोक मी पाहिले आहेत. मग शेवटचं काडतूस मागे सरकत नाही आणि दोष लिव्हरला देतात. स्प्रिंगचं कुठलं टोक फॉलोअरकडे होतं त्यावर दोऱ्याची गाठ मारून ठेवा.

आता पुढच्या बँडचा स्क्रू, मग मागच्या बँडचा. दोन्ही पूर्ण बाहेर काढा, नुसते सैल करून चालणार नाही, कारण ते वाटेत आडवे आहेत. इथे पुष्कळ जण पुढचा बँड नळीवरून काढायला जातात आणि तो समोरच्या साइटला (नेम धरायच्या खुंटीला) अडतो. मग ठोकाठोकी सुरू होते. बँड काढायचाच नाही. तो नळीवर सैल राहू द्या आणि ट्यूब त्याच्यातून सरळ पुढे ओढा. हलली नाही तर फिरवत फिरवत ओढा. पकडीने धरू नका, ट्यूबचा पत्रा पातळ असतो, पोचा पडतो आणि त्या पोच्यात पुढे जन्मभर फॉलोअर अडकतो. ट्यूब निघाली की फोरएंड पुढे सरकून सुटतो.

टोपीवाल्या रायफलीत टोपीचे बाजूचे दोन स्क्रू काढा. विंचेस्टरच्या कडीवाल्या रचनेत कडीतली आडवी पिनही योग्य जाडीच्या पंचाने काढावी लागते. डोव्हटेलमधले ठोकळे, कड्या, खुंट मात्र जागेवरच राहू द्या. त्यांना बाहेर काढल्याशिवाय काहीही साफ होत नाही असं नाही, आणि एकदा सैल झालेला डोव्हटेल पुन्हा पहिल्यासारखा घट्ट होत नाही.

६. उघडल्यावर काय बघायचं

फोरएंडखाली झाकलेला नळीचा भाग बघा. पावसात भिजलेल्या रायफलीचा गंज इथेच दडून बसतो, वरून सगळं चकचकीत दिसतं. ट्यूब आतून कोरड्या कापडाने पुसा, हवं तर तेलाचा हात फिरवून परत कोरडी करा. आत ओल राहिली तर जळक्या दारूची काजळी तिला चिकटून गोंदासारखा थर होतो, शिवाय तेल काडतुसांच्या प्रायमरपर्यंत, म्हणजे बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टिकलीपर्यंत, जाऊ शकतं.

मग नळीच्या पोटाची ती खाच शोधा. बोटाच्या नखाने लागते. माझ्या रायफलीत खाचेच्या पुढच्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढा एक चकचकीत ठिपका होता. बाकी सगळं निळसर काळं आणि तेवढंच पांढरं, कारण वर्षानुवर्षांच्या प्रत्येक धक्क्याला स्क्रूने तिथेच तोंड दिलं होतं. खाचेची जागा पेन्सिलीने नळीच्या बाजूवर खुणेने उतरवून घ्या. जोडताना ही खूण फार कामाला येते.

७. परत जोडणं

क्रम उलटा. फोरएंड आधी रिसीव्हरमध्ये नीट बसवा, मग मागचा बँड त्यावर सरकवा, मग ट्यूब पुढच्या बँडमधून आणि फोरएंडमधून मागे ढकलत रिसीव्हरच्या खोबणीत पोचवा. पोचली की हाताला ‘टक’ असं कळतं. नाही कळलं तर ती खोबणीच्या काठावर टेकली आहे, थोडी बाहेर काढून पुन्हा घाला. ट्यूबला खाच किंवा स्क्रूचं भोक असेल तर ते योग्य दिशेला आहे ना, हे ढकलतानाच बघा.

आता बँड पेन्सिलीच्या खुणेवर आणा. एका बाजूने टॉर्च धरा आणि दुसऱ्या बाजूने बँडच्या भोकातून बघा. संपूर्ण गोल उजेड दिसला तर जुळलं. अर्धचंद्र दिसला तर नळी किंवा ट्यूब वाटेत आहे. नायलॉनच्या हातोडीने बँड हलकेच पुढे-मागे करा. मग टूथपिक आरपार घालून बघा. टूथपिक सहज गेली की स्क्रू घाला, आणि पहिले तीन फेरे बोटांनीच. बोटांनी फिरत नसेल तर बाहेर काढा आणि पुन्हा टॉर्च घ्या. कितीही वेळा करावं लागलं तरी करा. जुन्या मॉडेलचा बँड आणि त्याचा स्क्रू मिळवायला मला अकरा दिवस लागले होते, आणि हंगामाचा पहिला शनिवार माझ्याशिवाय गेला.

सगळे स्क्रू थोडे थोडे बसवून घेतल्यावर शेवटी आवळा. स्प्रिंग, फॉलोअर आणि बूच हे सगळ्यात शेवटी, पुन्हा चष्मा आणि फडकं. बुचाचा स्क्रू काही मॉडेलांत नळीच्या पोटातल्या छोट्या खळग्यात टेकतो. तोही आधी बोटांनीच फिरवा.

किती आवळायचं, हा प्रश्न सगळे विचारतात. गच्च नाही. गोळ्या झाडताना नळी तापते आणि लांब होते. २० इंची पोलादी नळी ६० अंश सेल्सियसने तापली तर तिची लांबी सुमारे ०.३५ मिलिमीटरने वाढते, म्हणजे वहीच्या तीन-चार पानांइतकी. खालची ट्यूब तेवढी तापत नाही, म्हणून तेवढी वाढत नाही. बँडने दोघींना करकचून बांधलं असेल तर नळी वाढताना किंचित वाकते, आणि चौथी-पाचवी गोळी पहिल्या तिघींपासून दूर जाऊन पडते. लोक याला रायफलीचा दोष समजतात. स्क्रू पूर्ण बसला की पात्यावर दोन बोटांचा जोर, बस. सुटण्याची भीती वाटत असेल तर निळ्या रंगाच्या आटे-गोंदाचा बारीक थेंब लावा. लाल कधीच नको, तो पुढच्या वेळी आच दिल्याशिवाय सुटत नाही.

८. चाचणी

घरी फक्त नकली काडतुसांनी. ट्यूब पूर्ण भरा, लिव्हर जोमाने चालवा आणि शेवटचं नकली काडतूस बाहेर येतं का ते बघा. तेच अडलं तर स्प्रिंग उलटी गेली आहे किंवा फॉलोअर तिरका बसला आहे.

रेंजवर जाताना काडतुसांबद्दल एक गोष्ट, विशेषतः ज्यांनी ट्यूब पहिल्यांदाच आतून पाहिली आहे त्यांच्यासाठी. तिच्यात प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेलं असतं. म्हणून सेंटरफायर रायफलीत, म्हणजे प्रायमर बुडाच्या मधोमध असलेल्या थर्टी-थर्टी वगैरे काडतुसांच्या रायफलीत, चपट्या टोकाच्या किंवा खास अशा ट्यूबसाठी केलेल्या मऊ टोकाच्याच गोळ्या वापरा. धातूचं टोकदार नाक असलेली गोळी धक्क्याने समोरचा प्रायमर पेटवू शकते.

पहिल्या पाच गोळ्या सावकाश झाडा, नेम पुन्हा जुळवा, कारण बँड हलवले की नेम थोडा तरी सरकतोच. मग नळी गार होऊ द्या. वीस गोळ्यांनंतर चारही ठिकाणी बघा: दोन्ही बँडचे स्क्रू, बूच, आणि पुढच्या बँडची कड जिथे नळीवर टेकते तो सांधा. त्या सांध्यावर घरूनच पेन्सिलीची बारीक रेघ ओढून न्या, अर्धी बँडवर आणि अर्धी नळीवर. रेघ तुटलेली दिसली, तर बँड आणि त्याच्याबरोबर ट्यूब पुढे सरकली आहे आणि पुढचा स्क्रू खाचेत बसलेला नाही. तिथेच थांबा, आणि घरी येऊन सातव्या पायरीपासून पुन्हा.